हिशेब मागणारी गावे उभी राहोत!



प्रजासत्ताकदिनी सकाळी गावात झेंडावंदन होते. शाळेतली मुले कवायत करतात, भाषणे होतात, लाडू वाटले जातात. मग ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते की आता ग्रामसभेला सुरुवात होत आहे, आणि त्याच क्षणी मैदान रिकामे होऊ लागते. वडीलधारी मंडळी पाराकडे वळतात, बायाबापड्या घराकडे निघतात, तुम्ही तरुण मोटारसायकलींना किक मारता. मागे उरतात सरपंच, ग्रामसेवक, चार-दोन सदस्य आणि ज्यांची बिले निघायची आहेत असे ठेकेदार. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर असावीत, एवढीच कायद्याची अपेक्षा. तीही पुरी होत नाही. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पुढे एका दिवशी पंचायतीच्या खोलीत दहा-बारा माणसे बसतात. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्या दोन शब्दांखालून वर्षभराचा आराखडा, लाभार्थ्यांची यादी, लाखो रुपयांची कामे निमूट सरकतात, आणि शिपाई इतिवृत्ताची वही काखेत मारून दारोदार सह्या गोळा करत हिंडतो. चुलीपुढून उठून आलेली माउली विचारते, “कशाची सही रे बाबा?” तो म्हणतो, “मीटिंगची.” ती अंगठा उठवते.

त्या एका अंगठ्याखाली काय काय गाडले गेले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? तिच्या आळीतले गटार गेले. तिच्या लेकीच्या शाळेचे स्वच्छतागृह गेले. तिच्या वस्तीवर येणारी नळाची पाइपलाइन कागदावर आली आणि कागदावरच राहिली. तिचे नाव घरकुलाच्या यादीतून खाली घसरले आणि ज्याचा दुमजली बंगला आहे त्याचे नाव वर चढले. आणि या सर्वांहून मौल्यवान असे तिचे नागरिकत्व तिच्याच अंगठ्याने तिच्याकडून काढून घेतले गेले. कोणी लुबाडले हेही त्या माउलीला कळले नाही. माझे गाव असल्या गावांत मोडत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा तुमच्यात कोणी असेल तर त्याने पुढे यावे. मी त्याच्या गावाला वंदन करीन.

अन्याय सिद्ध करण्यासाठी पुरावे मांडत बसण्याची मला गरज वाटत नाही. पहिल्याच पावसात उखडणारा रस्ता हा पुरावा आहे. उद्घाटनाची कोनशिला चकचकीत आणि आतली टाकी कोरडी ठणठणीत, हा पुरावा आहे. कुलूपबंद उपकेंद्राच्या पायरीवर कळा सोसत बसलेली बाळंतीण हा पुरावा आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला चार खेपा घालणारा तुमचा बाप हा पुरावा आहे. “साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या,” हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला त्याचा रागही येत नाही. हा राग विझणे हीच या अन्यायाची सर्वांत भयंकर करामत! पैसा लुटला गेला तर तो पुन्हा उभा करता येतो. पण ‘हे असेच चालायचे’ असे म्हणायला शिकलेली माणसे पुन्हा ताठ उभी करायला एक अख्खी पिढी खर्ची पडते.

आणि हे सोसायचे कोणी? ज्याचा पैसा आहे त्याने! दरबारात नजराणा घेऊन गेलेल्या रयतेसारखे आपण कचेरीत हात जोडून उभे राहतो, ‘मायबाप, एवढे काम करा’ म्हणतो, आणि काम झालेच तर उपकार झाले म्हणून पेढे देतो. पण ती कचेरी, तिच्यातली खुर्ची, खुर्चीवरचा पंखा, आणि पंख्याखाली बसलेल्या अधिकाऱ्याचा पगार कोणाच्या घामातून येतो? घरपट्टी तुम्ही भरता, पाणीपट्टी तुम्ही भरता. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तो शेतमजूरसुद्धा साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतो. वाण्याने उधारीच्या वहीत दहा रुपये जास्त मांडले तर आपण भर बाजारात त्याला जाब विचारतो. मग पंचायतीच्या रोकडवहीत दहा लाख जास्त मांडले गेले तरी आपली जीभ टाळ्याला का चिकटते?

आपण या भूमीचे वारस आहोत, आणि या भूमीत हिशेब मागण्याची परंपरा स्वातंत्र्याहून जुनी आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती कशातून? पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष धुमसत होता, त्यातून! देवाच्या नावाने चाललेल्या कारभाराचाही जाब लोकांना विचारता आला पाहिजे, या रास्त हट्टातून महाराष्ट्राचे मोठे लोकपीठ उभे राहिले. गणेश वासुदेव जोशी त्या कामात असे विरघळून गेले की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखू लागले. आणि त्या सभेचा नियम पाहा: जो सभासद होईल त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणला पाहिजे. मताधिकार नव्हता, लोकांनी निवडलेले विधिमंडळ नव्हते, राज्य परक्यांचे होते. तरीही मी कोणाच्या वतीने बोलतो हे सिद्ध केल्यावाचून त्या सभेत कोणाला बोलता येत नव्हते. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात टिळकांनी आणि याच सभेच्या कार्यकर्त्यांनी सरकारचीच दुष्काळ संहिता मराठीत आणून गावोगाव पोचवली, आणि पीक बुडाले असताना साऱ्यात सूट मिळणे हा तुमचा हक्क आहे, असे शेतकऱ्याला समजावून सांगितले. सरकारचाच कायदा लोकांनी वाचला, एवढाच तो गुन्हा! पण त्याने सत्ता इतकी हादरली की १८९७ साली तिने सभेची मान्यताच काढून घेतली. लोकांनी कायदा वाचणे म्हणजे काय असते, हे त्या काळच्या सत्तेला आपल्यापेक्षा अधिक कळत होते.

त्याच पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला. माना डोलल्या. एकट्या जोतीरावांची मान डोलली नाही! हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे ते म्हणाले. खर्च मंजूर झाला, त्यांचा विरोध एकाकी ठरला. पण तरुणांनो, आज त्या स्वागताच्या कमानी कोणाला आठवतात? ज्या लेखणीने तीन वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कचेऱ्याकचेऱ्यांतून कुणब्याला कसे नागवले जाते हे उघडे केले, त्याच लेखणीचा हा बाणा होता. तुमच्या गावच्या सभेत एखाद्या खोट्या खर्चापुढे तुम्ही एकटे उभे राहाल तेव्हा जोतीरावांची ती जागा तुम्ही चालवत आहात, हे विसरू नका.

आणि बाबासाहेब! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी जे इशारे दिले ते आपण किती वेळा ऐकले आणि किती थोडे पाळले! कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नका, असे त्यांनी बजावले. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांनी निःसंदिग्ध सांगितले. आज गल्लीगल्लीत फलक लागले आहेत, फलकांवर हसरे चेहरे आहेत, आणि त्या चेहऱ्यांखाली ‘समर्थक’ म्हणून तुमची छायाचित्रे आहेत. ज्यांचा हिशेब घ्यायचा त्यांचेच आपण भाट झालो, तर हिशेब मागणार कोण?

स्वतंत्र भारताने आपल्याला रिकाम्या हातांनी सोडलेले नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान दिले. तुमची ती सभा कोणा पुढाऱ्याच्या मेहेरबानीने भरत नाही. ती घटनेची सभा आहे. कामाचा हक्क ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीच्या रूपाने कायद्यात लिहिला, त्याच महाराष्ट्रात अण्णा हजारे यांना माहितीच्या अधिकारासाठी २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागले आणि राज्याचा कायदा अमलात आला. पुढे २००५ साली तो हक्क साऱ्या देशाचा झाला. दहा रुपयांचे तिकीट, एक कागद आणि तीस दिवस! मुदतीत माहिती दिली नाही तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड, आणि तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. २००५ चाच महाराष्ट्राचा दुसरा कायदा सांगतो की एका टेबलावर धारिका साधारणपणे सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम सांगतो की ठरल्या मुदतीत दाखला मिळणे हा तुमचा हक्क आहे. एवढी शस्त्रे शस्त्रागारात गंजत पडलेली असताना निःशस्त्र असल्याचे रडगाणे कोणाला शोभते?

माहितीचा हा हक्क कोणा विद्वानाच्या टाकातून उतरला असे समजू नका. राजस्थानच्या कोरड्या माळावर दिवसभर खणून अपुरी मजुरी घेणाऱ्या, पाटी वाहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाया-माणसांनी तो खेचून आणला. अरुणा रॉय, शंकर सिंह, निखिल डे आणि त्यांचे सोबती यांची मजदूर किसान शक्ती संघटना १९९० साली उभी राहिली. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे तिने पहिली जनसुनवाई भरवली. तिथे घडले ते अगदी साधे होते. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचली गेली. एक नाव वाचावे आणि गर्दीतून आवाज यावा की हा तर कधीच वारला. दुसरे वाचावे आणि कोणी सांगावे की हा वर्षानुवर्षे परगावी असतो. ज्या कामावर हजारो रुपये खर्ची पडले ते काम कुठे आहे, असे विचारावे आणि सारे गाव एकमेकांकडे बघत राहावे. कागद कपाटात होता तोवर तो सरकारी दस्तऐवज होता. लोकांपुढे वाचला गेला तेव्हा तो चोरीचा पंचनामा झाला! १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या उन्हातून उठली आणि दिल्लीपर्यंत पोचली. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने २००५ साली ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण अनिवार्य केले, त्याचे मूळ या उघड वाचनात आहे. मेघालयाने तर २०१७ साली सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि एकाच योजनेपुरते न थांबता अनेक योजनांना तो लागू केला. सार्वजनिक सभेच्या महाराष्ट्राने या बाबतीत मेघालयाच्या मागे राहावे, ही गोष्ट मला टोचते.

आपल्या मातीत मात्र काहीच नाही असे नाही. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. पुण्याची ‘साथी’ संस्था आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील संघटना त्यात उतरल्या. गावातल्याच बाया-पुरुषांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. परिचारिका गावात ठरल्या दिवशी येते का? लस मिळते का? प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाचे इंजेक्शन आहे का? औषध बाहेरून आणायला चिठ्ठी दिली जाते का? डॉक्टर पैसे मागतो का? उत्तरांवरून गावाचे प्रगतिपत्रक तयार व्हायचे आणि त्यावर रंग भरले जायचे: सेवा चांगली तर हिरवा, अर्धवट तर पिवळा, वाईट तर लाल. एरवी ज्या मास्तरांच्या, डॉक्टरांच्या, साहेबांच्या हातून प्रगतिपत्रक घ्यायचे, त्यांचे प्रगतिपत्रक आदिवासी पाड्यावरची बाई भरते आहे! मग केंद्राच्या आवारात जनसुनवाई व्हायची. अधिकारी समोर, कागद हातात, आणि ज्याच्यावर बेतले तो माणूस स्वतः उभा राहून बोलणार. त्या बाईचा आवाज पहिल्यांदा थरथरला असेल. पण एकदा बोललेली बाई पुन्हा गप्प बसत नाही. निधी येतो आणि आटतो, योजना बदलतात. तिच्या अंगी आलेला हा धीर मात्र कोणत्याही शासननिर्णयाने परत घेता येत नाही.

गडचिरोलीच्या अरण्यात मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे जगाला सांगितले आणि तसे वागूनही दाखवले. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. आणि निर्णयाआधी अभ्यास! गावाचा अभ्यासगट बसतो, कायदा वाचतो, शंका काढतो, बाहेरच्या जाणत्याला बोलावतो, मगच विषय ग्रामसभेपुढे येतो. या तपश्चर्येचे फळ म्हणून २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. ज्या माणसांना आपण मागासलेली म्हणून हिणवत आलो त्यांनी लोकशाहीत आपल्याला कितीतरी मागे टाकले आहे.

शेजारच्या गोमंतकातही हे तेज प्रकटले. २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखड्याचे नकाशे लोकांनी उघडून पाहिले, आपली डोंगरउतारांची आणि शेतांची जमीन बांधकामासाठी मोकळी झालेली पाहिली, आणि गोवा बचाव अभियानाच्या हाकेला लोक असे धावले की २००७ च्या आरंभीच सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नकाशा वाचता येणारी जनता बिल्डरला परवडत नाही.

शहरातल्या बंधू-भगिनींनो, हे खेड्यांचे गाऱ्हाणे म्हणून तुम्ही पान उलटू नका. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, आगेमागे राज्यातल्या इतर अनेक महापालिकांच्या मुदतीही संपल्या, आणि पुढची तीन वर्षे उलटून गेली तरी तिथे लोकांचा एकही नगरसेवक नव्हता. हजारो कोटींचे अंदाजपत्रक प्रशासकाच्या एका सहीने मंजूर होत राहिले. किती मोहल्ल्यांत हरताळ झाले? किती सोसायट्यांनी काळे झेंडे लावले? क्रिकेटचा सामना पावसाने वाहून गेला तरी याहून अधिक हळहळ होते! २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे शहरातल्या मतदारालाही आपली ग्रामसभा मिळाली. ती तुमच्या प्रभागात कधी भरली का, हे विचारायलाही कोणी उठले नाही. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी आपल्या भागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची सोय झाली. पण कामे सुचवून घरी बसणाऱ्याला बहुधा पदपथावरची बाके मिळतात. पाठपुरावा करणाऱ्यालाच हिशेब मिळतो.

आता मी तुमच्या मनातल्या भीतीशी बोलतो. ती खोटी नाही. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांतली प्रकरणे उघडकीस आणणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला बाहेर पडले होते. त्यांना तिथेच ठार मारण्यात आले. त्यांच्यासारख्या निर्भय माणसांचे रक्त माहिती अधिकाराच्या कायद्याच्या पानांवर आहे. त्यांचे स्मरण हार घालून होणार नाही. ते एकटे होते म्हणून मारेकऱ्यांचा हात धजावला, हे ओळखूनच ते होईल. अर्ज एकट्याने केला की अर्जदाराचे घर कोणते ते सर्वांना कळते. त्याच्या भावाची बदली होते, त्याच्या शेताची वाट अडते, रात्री दारावर थाप पडते. तोच अर्ज एका वेळी साठ माणसांनी साठ सह्यांनी केला तर थाप कोणाकोणाच्या दारावर मारणार?

एकटेपणात दुसराही घात आहे, आणि तो मी लपवणार नाही. माहिती मागायची, कागद हाती आला की ठेकेदाराला गाठायचे, पाकीट घ्यायचे आणि अर्ज मागे घ्यायचा, असा धंदा मांडणारे लोक तालुक्यातालुक्यांत निपजले आहेत. त्यांनी या पवित्र हक्काला जो कलंक लावला, तो भ्रष्ट अधिकाऱ्यांनाही लावता आला नव्हता. आज प्रामाणिक तरुणाने अर्ज केला तरी “किती पाहिजेत?” असे त्याला विचारले जाते, याचे पाप त्यांच्या माथी आहे. या विषावर एकच उतारा आहे. आलेला कागद कोणाच्याही घरात राहता कामा नये; तो चावडीवर, मंदिरापुढे, बुद्धविहारात, जिथे चारचौघे जमतात तिथे जाहीरपणे वाचला गेला पाहिजे. जे सर्वांनी ऐकले आहे ते विकता येत नाही.

वरूनही वाटा अरुंद होत आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकाराचे आठवे कलम बदलले. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे जे तेजस्वी वाक्य तिथे होते ते त्या बदलात गळाले. उद्या हजेरीपटावरची नावे ‘वैयक्तिक’ ठरतील, लाभार्थ्यांची यादी ‘वैयक्तिक’ ठरेल, आणि वारलेल्या माणसाच्या नावावर उचललेल्या मजुरीलाही गोपनीयतेचे पांघरूण मिळेल! पण व्यापक लोकहितासाठी माहिती देता येते, हे त्याच कलमाचे दुसरे पोटकलम अजून शाबूत आहे. त्याचा उल्लेख प्रत्येक अर्जात, प्रत्येक अपिलात करा. जो हक्क वापरला जात नाही तो पहिल्यांदा गंजतो आणि मग गुपचूप काढून टाकला जातो.

म्हणून, बंधू-भगिनींनो, गावोगाव आणि प्रभागाप्रभागात लोकदक्षता गट उभे करा. हा गट कोणा पक्षाची शाखा असू नये आणि कोणा दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे मंडळही असू नये. त्यात प्रत्येक वाडीचा, प्रत्येक वस्तीचा माणूस असावा आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. सार्वजनिक सभेचा तो जुना नियम पुन्हा जिवंत करा: गटात बसणाऱ्याने आपल्या आळीतल्या पन्नास माणसांच्या सह्या आणाव्यात, म्हणजे तो बोलेल तेव्हा एकट्यापुरते बोलणार नाही, पन्नास घरांच्या वतीने बोलेल. विरोधासाठी विरोध करू नका. चांगले काम करणारा सरपंच, कचेरीत वेळेवर बसणारा तलाठी, पदरमोड करून शाळा चालवणारा गुरुजी तुमच्या पंचक्रोशीत असेल तर त्याचा सत्कार त्याच चावडीवर करा. अशी माणसे आहेत आणि तीही आपल्याइतकीच एकाकी आहेत. त्यांना बळ देणे हेही दक्षतेचेच काम आहे.

आणि काम कागदापासून सुरू करा. तुमच्या हातात मोबाइल आहे. त्यावर दिवसाचे किती तास रील्स बघण्यात जातात हे मी विचारत नाही. त्यातला अर्धा तास ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ उघडा. तुमच्या पंचायतीला वित्त आयोगाचे किती पैसे आले, कोणत्या कामावर किती खर्ची पडले, हे तिथे गावनिहाय मांडलेले आहे. मग पंचायतीत जाऊन नमुना १ चे अंदाजपत्रक मागा, नमुना ५ ची रोकडवही मागा, कामाचे इस्टिमेट मागा, मोजमाप पुस्तिका मागा. मागासवर्गीयांसाठी उत्पन्नाचे पंधरा टक्के, महिला व बालकल्याणासाठी दहा टक्के, दिव्यांगांसाठी पाच टक्के खर्च झाले का, हे पाहा. कारण गावात कोणाला माणूस म्हणून मोजले जाते, हे भाषणांतून कळत नाही, रोकडवहीतून कळते. इस्टिमेटमध्ये रस्त्याची लांबी दोनशे मीटर आणि जाडी पंधरा सेंटिमीटर लिहिली असेल तर टेप घेऊन जा. दोघांनी टेप धरावी, एकाने आकडा पुकारावा, एकाने लिहावा, बाकीच्यांनी पाहावे. रस्त्याची कड जिथे उघडी दिसते तिथे पट्टी लावा. कामाची पाहणी करण्याचा, टिपणे काढण्याचा, एवढेच काय, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क माहिती अधिकाराच्या दुसऱ्याच कलमात लिहिलेला आहे. सिमेंट किती आणि राख किती, हे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. त्या रस्त्यावरून रोज चालावे लागते, एवढे पुरे आहे.

भगिनींनो, तुम्हांला मी वेगळी हाक देतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा झालीच पाहिजे, असा नियम आहे. ती भरते की वहीतच भरते, हे तुम्ही पाहा. २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा तुमच्या आहेत. मग खुर्चीत ताई आणि टेबलापुढे ताईंचे यजमान, हे दृश्य अजून किती दिवस? दारूचे दुकान बंद करण्यासाठी ज्या गावांत बायांनी मतदानाला रांगा लावून आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्के मारले, त्या गावांतल्या भल्याभल्या दांडग्यांना त्या दिवशी घाम फुटला. ज्या हातांनी बाटली आडवी केली त्या हातांना रोकडवही उघडणे जड नाही.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रात्री जागवणाऱ्या मुलामुलींनो, तुम्ही राज्यघटनेची कलमे तोंडपाठ करता. २४३-अ हे कलम कोणत्या विषयाचे, असे विचारले तर झोपेतही तुम्ही ‘ग्रामसभा’ असे उत्तर द्याल. पण तुमच्याच गावच्या सभेत तुम्ही शेवटचे कधी बसलात? साहेब होऊन गावाचे भले करण्याचे स्वप्न उत्तम आहे. ते पुरे व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र गावाला आज साहेबाची वाट पाहायची नाही. त्याला कायदा वाचून दाखवणारा माणूस हवा आहे, आणि तो तुमच्यात आधीच बसलेला आहे.

शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हा कार्यालयांना, महापालिकांना, जिल्हा परिषदांना दर सोमवारी दुपारी तीन ते पाच आपले अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवायला सांगितले आहे. येता सोमवार तुमचा आहे. पाच जण जा, त्यांत दोघी बहिणी असू द्या. तुमच्या गावच्या एका रस्त्याची, एका टाकीची, एका शाळाखोलीची धारिका मागा. कोणी अडवले तर वाद घालू नका. परिपत्रकाची प्रत पुढे ठेवा आणि नकार लेखी मागा. धारिका मिळाली तर आकडे उतरवून घ्या, संध्याकाळी चावडीवर दिवा लावा आणि ते मोठ्याने वाचा. पुढची ग्रामसभा १ मे रोजी असो की १५ ऑगस्टला, त्या सभेच्या सूचनेची दवंडी तुमच्याच गटाने घरोघर पोचवा, शंभर माणसांचा आकडा तुम्हीच भरा, आणि इतिवृत्ताची वही सभा संपण्यापूर्वी, सर्वांच्या देखत, वाचून घेतल्याखेरीज एकही सही होऊ देऊ नका.